थांबण्याची किंमत कोणी मोजायची?

जखमी झालेला धावपटू वर्ष-दीड वर्षाने पुन्हा शर्यतीत उतरला आणि जिंकला, की वृत्तपत्रांना एक ठरीव कथा मिळते. जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास आणि शेवटी विजय, असा तिचा क्रम असतो. वाचकालाही ती आवडते, कारण संकटावर मात करणाऱ्या माणसाचे कौतुक करणे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु या कथेतून एक महत्त्वाचा तपशील नेहमी गाळला जातो. मधल्या वर्ष-दीड वर्षात त्या धावपटूच्या जेवणाचा, औषधपाण्याचा आणि घरभाड्याचा खर्च कोणी केला, हे कोणी विचारीत नाही. जिद्द थोडीफार सर्वांपाशी असते. थांबण्यासाठी लागणारा वेळ मात्र फार थोड्यांपाशी असतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या धावपटूचे पुनरागमन हा जितका मनोबलाचा, तितकाच अर्थव्यवहाराचाही प्रश्न आहे.

हा प्रश्न समजून घेण्यास क्रॉस कंट्री ही शर्यत विशेष उपयोगी पडते. धावपट्टी आणि डांबरी रस्ता सोडून माळरान, चिखल, चढउतार आणि गवत यांवरून ही शर्यत होते. प्रत्येक ठिकाणची जमीन वेगळी असल्यामुळे इथे वेळेचे विक्रम नोंदण्याला अर्थ नसतो. महत्त्व असते ते केवळ क्रमांकाला. संघाचा निकालही क्रमांकांच्या बेरजेवर लागतो आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. दुखापतीतून उठलेल्या धावपटूला या व्यवस्थेचा एक मोठा आधार असतो. धावपट्टीवर त्याचे जुने आकडे त्याच्यासमोर उभे राहतात आणि आपण किती मागे पडलो हे घड्याळ त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते. माळावर ते घड्याळ निरर्थक असते. जमीन मऊ असल्यामुळे हाडांना बसणारा आघातही तुलनेने कमी असतो. अर्थात घोटा मुरगळण्याचा धोका तिथे अधिक असतो, हेही विसरता कामा नये.

तथापि हीच शर्यत आर्थिकदृष्ट्या क्रीडाजगतातील गरीब नातलग आहे. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश होता. १९२४ साली पॅरिसच्या प्रखर उन्हात धावायला उतरलेल्या ३८ जणांपैकी केवळ १५ जण शर्यत पुरी करू शकले. फिनलंडच्या पावो नुर्मीने ती जिंकली खरी, परंतु त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉस कंट्री कायमची वगळण्यात आली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ पासून भरू लागली. पण जिथे सरकारी अनुदान ऑलिंपिक पदकांच्या हिशेबाने वाटले जाते, तिथे या शर्यतीच्या वाट्याला थोडेच येते. असे असूनही लांब पल्ल्याचे बहुतेक श्रेष्ठ धावपटू हिवाळ्यात माळावर उतरतात, कारण उन्हाळ्यातील पदकांचा पाया तिथेच घातला जातो.

शरीराचे वेळापत्रक

दुखापत बरी होण्याचा काळ इच्छाशक्तीने कमी करता येत नाही, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. सराव वाढवला की हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत नव्या श्रमांशी जुळवून घेतात. हाडे, स्नायुबंध आणि सांध्यांचे अस्थिबंध यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी जुने हाड झिजवते आणि मग त्या जागी नवे हाड भरते. या दोन क्रियांच्या मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते आणि ताण चालूच राहिला, तर त्याला बारीक चीर पडते. हिलाच डॉक्टर मंडळी स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पोटाला पुरेसे अन्न न मिळणाऱ्या धावपटूमध्ये हा धोका आणखी वाढतो. विशेषतः मुलींच्या बाबतीत अपुऱ्या आहाराने मासिक पाळी थांबणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा निकटचा संबंध आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली.

परतणाऱ्या धावपटूसाठी खरा सापळा नेमका इथे असतो. त्याचा दम लवकर परत येतो. पाय परत आलेला नसतो. आपण तयार झालो असे त्याला मनापासून वाटते आणि ते वाटणे अर्धे खरेही असते. अशा वेळी त्याला आवरणारा कोणी नसेल, किंवा आवरण्यापेक्षा ढकलण्यातच आसपासच्यांचे हित असेल, तर तीच दुखापत दुसऱ्यांदा होते. कारखान्यातील यंत्रावर दरवर्षी घसारा धरावा लागतो आणि दुरुस्तीसाठी ते काही दिवस बंद ठेवावे लागते, हे कोणत्याही हिशेबनिसाला ठाऊक असते. मानवी शरीराच्या बाबतीत मात्र घसाऱ्याची रक्कम कोणीच बाजूला काढून ठेवीत नाही.

सात वर्षांचा हिशेब

इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९९२ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे झालेल्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत तिने कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या क्रमांकावर चीनची वांग जुन्शिया होती. पुढच्याच वर्षी हिने १०,००० मीटरचा जागतिक विक्रम केला. १९९३ मध्ये वरिष्ठ गटात रॅडक्लिफ अठरावी आली आणि १९९४ साली पायाच्या दुखापतीमुळे तिची जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा हुकली. विशीतील उगवत्या धावपटूच्या आयुष्यातून एक सबंध हंगाम गळून पडला.

ती परतली ती १९९५ साली, स्वदेशातच, डरहॅमच्या शर्यतीत. तिचा क्रमांक होता अठरावा. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथे ती एकोणिसावी आली. कनिष्ठ गटाची जगज्जेती चार वर्षांनी एकोणिसावी यावी, हे पाहून एखाद्या उतावळ्या निवड समितीने तिचे नाव वहीतून खोडून टाकले असते. परंतु १९९५ च्याच उन्हाळ्यात गॉथेनबर्गच्या जागतिक मैदानी स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये ती पाचवी आली होती. माळावरचा अठरावा क्रमांक हा पुन्हा बांधल्या जात असलेल्या इमारतीचा पाया होता. तो वरून दिसत नव्हता इतकेच. १९९७ आणि १९९८ साली ती क्रॉस कंट्रीत जगात दुसरी आली, १९९९ साली तिसरी. अखेर २००१ साली बेल्जियममधील ऑस्टेंड येथे, चिखलाने भरलेल्या मार्गावर, इथिओपियाच्या गेटे वामीला शेवटच्या टप्प्यात मागे टाकून तिने वरिष्ठ गटाचे जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये तिने ते राखले आणि २००३ साली लंडन मॅरेथॉनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला. तो सोळा वर्षे टिकला.

हुकलेल्या हंगामापासून जगज्जेतेपदापर्यंत सात वर्षे लागली. या सात वर्षांचे श्रेय रॅडक्लिफच्या निश्चयाला आहेच. परंतु ती जखमी झाली तेव्हा लफबरो विद्यापीठात आधुनिक भाषांचा अभ्यास करीत होती. ती पदवी तिने पुढे पहिल्या वर्गात मिळवली. म्हणजे धावणे कायमचे थांबले असते तरी उपजीविकेचा दुसरा मार्ग तिच्यापुढे मोकळा होता. ज्या देशात ती राहत होती, तिथे रुग्णाला उपचारांचे बिल न देणारी सार्वजनिक आरोग्यसेवा १९४८ पासून अस्तित्वात होती. १९९७ पासून तर राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून निवडक ब्रिटिश खेळाडूंना निर्वाहासाठी साह्य देण्याची पद्धतही सुरू झाली. अशा समाजात एकोणिसावा क्रमांक आला म्हणून कोणी उपाशी राहत नाही. धीर धरणे हा गुण खरा. पण धीर धरणे परवडावेही लागते.

घाई केली म्हणजे काय होते, याचा धडाही याच धावपटूच्या चरित्रात आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपूर्वी थोडेच दिवस आधी तिचा पाय दुखावला. ऑलिंपिकची तारीख कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. सूज उतरवणारी औषधे घेऊन ती मॅरेथॉनमध्ये उतरली. औषधांनी पोट बिघडले, अन्नातून मिळणारी शक्ती अंगी लागेना आणि सुमारे ३६ किलोमीटरनंतर तिला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. पाच दिवसांनी १०,००० मीटरची शर्यतही तिने अर्धवट सोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. अडीच महिन्यांचा अवधी मिळताच तीच स्त्री विजयी झाली. तिची जिद्द ऑगस्टमध्ये कमी आणि नोव्हेंबरमध्ये जास्त होती, असे कोणी म्हणू शकेल काय?

मांडव्याचा धावपटू आणि सैन्यदल

आपल्याकडेही या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यदलात भरती झाला. त्याच्यातील धावपटू सर्वांच्या नजरेस आला तो सैन्यदलाच्या क्रॉस कंट्री शर्यतींत. अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे, तो नंतर वळला. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्याचे जाकार्ताचे आशियाई सामने हुकले. त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत रौप्यपदक, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक आणि २०२४ साली पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, असा त्याचा आलेख चढत गेला. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथे पाण्यावरील उडीच्या वेळी तो पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यामुळे त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

अशा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच अधिक असतो, असे क्रीडावैद्यकाचे सांगणे आहे. या मुदतीत साबळेसारख्या खेळाडूच्या पाठीशी सैन्यदलाची नोकरी असते, रुग्णालयाचा खर्च उचलणारी यंत्रणा असते. ती असलीच पाहिजे. परंतु हा आधार त्याला कधी मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. तो त्याला पदक जिंकल्यावर मिळालेला नाही; तो कोणालाही ठाऊक नव्हता, तेव्हाच मिळालेला आहे. शिपायाचे वेतन आणि निश्चित नोकरी यांमुळे एका शेतकरी कुटुंबातील मुलाला जखमी होण्याची आणि सावकाश बरे होण्याची मुभा मिळाली. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ रचनेत जवानाची मुदत चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. संरक्षणाच्या दृष्टीने या योजनेचे गुणदोष काहीही असोत. चार वर्षांतील एक वर्ष दुखापतीत गेले तर त्या मुलाच्या हाती काय उरते, हा प्रश्न क्रीडाक्षेत्राने विचारण्याजोगा आहे.

प्रमाणपत्राची घाई

या भाग्यवंतांच्या खाली हजारो मुलेमुली जिल्हा आणि विभागीय पातळीवर धावत असतात. त्यांच्यापुढे कोणती प्रलोभने ठेवली आहेत, ते पाहावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत महाराष्ट्रात खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. या सवलतींचा हेतू चांगला आहे आणि त्यांनी अनेक गरीब घरांना हातभार लावला आहे. परंतु त्या सर्व ठरावीक वर्षीच्या, ठरावीक स्पर्धेतील क्रमांकाशी जोडलेल्या आहेत. नडगी दुखत असलेल्या बारावीच्या मुलीला विभागीय क्रॉस कंट्रीला धावू नकोस, असे सांगणे सोपे आहे. ते वर्ष गेले की गुण गेले, प्रमाणपत्र गेले आणि नोकरीच्या रांगेतील जागाही गेली. ती धावते. तिच्या दृष्टीने तो निर्णय पूर्णपणे विवेकाचा असतो. अविवेक असतो तो तिच्यापुढे असे दोनच पर्याय ठेवणाऱ्या व्यवस्थेत.

शिक्षकाची स्थितीही फारशी निराळी नसते. शाळेचे नाव, वरिष्ठांची शाबासकी आणि पुढच्या वर्षीचे साहित्य हे सर्व निकालावर अवलंबून असते. मुलीने थांबावे की धावावे हे ज्याने ठरवायचे, त्याचाच लाभ तिच्या धावण्यात गुंतलेला असतो.

केंद्र शासनाची २०१४ पासूनची ऑलिंपिक पदक योजना आणि खेलो इंडियाची शिष्यवृत्ती यांनी परिस्थिती सुधारली आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूंना महिन्याला १०,००० रुपये हातखर्चासाठी देण्याची तरतूद झाली, ही लहान गोष्ट नव्हे. हलाखीत असलेल्या नामवंत खेळाडूंच्या उपचारांसाठी कल्याण निधीही आहे. परंतु या सर्व योजनांचा रोख निवड झालेल्यांकडे किंवा नाव मिळवलेल्यांकडे आहे. दुखापत मात्र निवड होण्यापूर्वीच गाठते. जे परतले त्यांच्याच कथा छापल्या जातात. जे पहिल्याच दुखापतीनंतर शेतावर, दुकानात किंवा संसारात गेले, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यामुळे जिद्द असली की माणूस परततोच, असा एक सोयीस्कर समज दृढ होतो. केवळ वाचलेल्या गलबतांवरून सागराचा अंदाज बांधण्यासारखे ते आहे.

आक्षेप आणि उपाय

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक असा की, ज्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधे पुरत नाहीत, तिथे धावपटूंच्या गुडघ्यांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु एखाद्या मुलीच्या शिक्षणावर, प्रवासावर, शिबिरांवर पाच वर्षे खर्च करायचा आणि पहिली चीर पडताच तिला सोडून द्यायचे, यात काटकसर कोणती? ती आधीच केलेल्या गुंतवणुकीची नासाडी आहे. दुसरा आक्षेप असा की, बसून पैसे मिळू लागले तर दुखापतीचे सोंग करणारे निघतील. विम्याच्या व्यवहारात हा धोका जुनाच आहे आणि त्यावरचा उपायही जुनाच आहे: स्वतंत्र तपासणी आणि मर्यादित मुदत. सोंगाच्या भीतीने कामगारांचा राज्य विमा कोणी रद्द केला नाही.

करण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत. शिष्यवृत्ती मिळवणारा खेळाडू वैद्यकीय दाखल्याने जखमी ठरला, तर किमान एक वर्ष त्याची रक्कम आणि वसतिगृहातील जागा काढून घेऊ नये. वाढीव गुणांसाठी आणि नोकरीसाठी दुखापतीचे वर्ष हिशेबातून वगळून त्याआधीची कामगिरी ग्राह्य धरावी. वयोमर्यादा असलेल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत अशा खेळाडूला एका वर्षाची सूट द्यावी. धावण्यास योग्य की अयोग्य, हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडून काढून जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरकडे द्यावा. आणि प्रत्येक जिल्ह्यात हिवाळ्यात एक-दोन क्रॉस कंट्री शर्यती अशा ठेवाव्यात, की ज्यांच्या निकालावर कोणाची निवड अवलंबून नसेल. बऱ्या होऊ लागलेल्या पायाला अठरावा येण्याची सोय कुठेतरी असली पाहिजे.

यांतील बहुतेक सूचनांसाठी नवा पैसाही लागत नाही. काही नियमांत दोन ओळींची भर पुरेशी आहे. ती घालण्याचे काम शिक्षण मंडळाचे, विद्यापीठांचे आणि क्रीडा खात्याचे आहे, आणि तिचा आग्रह धरण्याचे काम शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचे. पुढच्या हंगामाच्या विभागीय शर्यतींपूर्वी एवढे झाले, तरी नडगी दुखणाऱ्या काही मुली त्या दिवशी घरी थांबतील आणि त्यांतल्या काही त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा माळावर दिसतील.